नऊ पावलं

“पेला काठोकाठ भरा आणि टेबलाच्या मधोमध ठेवा, बाई,” मागच्या दाराला लावलेल्या शिडीवरून मुकादम फ्लिन म्हणाला. “चूल पेटलेली राहू द्या, कॉफी करा, विणत बसा. घर टेकडीच्या पायथ्याला पोचेपर्यंत थेंब सांडायचा नाही. सांडला तर मला खुशाल गाढव म्हणा.”

“हळू बोला! म्हाताऱ्याला काही माहीत नाही.”

इंगेबोर्गने दार लावून घेतलं. लाकडी घर पायावरून अख्खं उचलून जमिनीपासून चार फूट उंच, ओंडक्यांवर ठेवलं होतं. पुढच्या पायऱ्या कालच काढून नेल्या होत्या. नवऱ्याला, हाल्वरला खोकला झालाय, असं तिनेच ठरवून त्याला दोन दिवस घरात कोंडलं होतं.

विद्यापीठाच्या खाणीत सुरुंगाने त्याचे डोळे गेले, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून खुर्चीपासून दार सात पावलं, मग तीन पायऱ्या, मग उजवीकडे नऊ पावलांवर पाण्याचा पंप, एवढंच त्याचं जग होतं. त्याच खाणीच्या दगडातून प्रयोगशाळा उठली, मुलींचं वसतिगृह उठलं. त्यासाठी शेजारची पाच घरं पाडली. आता या घराच्या जागी ग्रंथालय व्हायचं होतं. घर पाडणार, अशी विद्यापीठाची तीन पत्रं आली. तिन्ही तिने भिंतीवरच्या घड्याळामागे दडवली. दुसऱ्या घरात तो दुसऱ्यांदा आंधळा झाला असता.

ती पाडणाऱ्यांची वाट पाहत होती. आला तो अख्खी घरं दुसऱ्या जागी सरकवणारा फ्लिन. हुकूम कुणाचा, हे विचारायची तिची छाती झाली नाही. चुकून आला असला तर? विचारलं, चूक उघडी पडली, आणि तो परत गेला तर?

बाहेर घोडा दोर गुंडाळणाऱ्या रहाटाभोवती फिरू लागला. दोर ताणला गेला. तुळया करकरल्या आणि खिडकीबाहेरचं मेपलचं झाड हळूच मागे सरकलं.

“काय गं हे?” हाल्वरने विचारलं.

“सुरुंग. पलीकडे ग्रंथालयाचा पाया खणतायत.”

“असेल. त्यांना दगडाची भूक फार.”

दुपारी तो उठला. “पंपावर जाऊन येतो.”

सहा, सात. त्याचा हात कडीवर पडला. दारापलीकडे नुसती पोकळी होती. इंगेबोर्ग धावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

“पाणी भरलंय मी! खोकला आहे तुला.”

“बरं बाई, आहे खोकला,” तो म्हणाला आणि मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसला.

दिवस कलला तेव्हा करकर थांबली. बाहेर पायऱ्या ठोकल्याचा आवाज झाला. मग फ्लिनने पुढचं दार उघडून मोठ्याने हाक मारली.

“काय काका! तीन पायऱ्या, उजवीकडे नऊ पावलांवर पंप. सांगितलं होतंत तसंच केलंय. मोजून घ्या, एखादं पाऊल कमी पडलं तर शिव्या द्या!”

इंगेबोर्ग हाल्वरकडे वळली.

“घड्याळाचे ठोके पडले की मागे कागद थरथरायचे,” तो म्हणाला. “दूधवाल्याकडून वाचून घेतले. बुधवारी तू चर्चमध्ये विणायला गेलीस, तेव्हा विद्यापीठाच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, डोळे तुमच्या दगडात गेले, घर तरी राहू द्या, हवं तर उचलून दुसरीकडे ठेवा.”

“एकटा गेलास? मला का नाही सांगितलंस?”

“तू घाबरली असतीस.”

त्याने चाचपत टेबलावरचा पेला उचलला. त्याचा हात एवढा कापत होता, की दिवसभर न हललेलं पाणी टेबलभर सांडलं.

“जाताना एक हजार चारशे बारा पावलं झाली,” हाल्वर म्हणाला. “येताना मोजायचं भानच राहिलं नाही, इतका घाबरलो होतो.”