कानटोपीचं नाव

शब्दकोशाच्या कचेरीत नियम कडक होता: जो शब्द एकाही जिवंत माणसाच्या तोंडात नाही, तो नव्या आवृत्तीत नाही. संध्याकाळी पानं छपाईला जाणार होती आणि एका कानटोपीचं नाव अजून लटकलेलंच होतं, ते म्हणणारं कोणी सापडत नव्हतं. ते पडलं होतं एका देशावरून, आणि तो देश तर नकाशावरून कधीच पुसला गेला होता.

कोशकाराला एकदम आठवलं, शेजारच्या आजी तिथल्याच. रेडिओच्या आवाजावरून महिनाभर त्यांच्याशी बोलणं बंद होतं, पण आता कसला राग. टोपी घेऊन तो धापा टाकत तीन जिने चढला.

"आजी, हिला तुमच्याकडे काय म्हणायचे?"

आजींनी टोपी उलटसुलट करून पाहिली आणि सरळ कोशकाराच्याच देशाचं नाव घेतलं. "तुमच्याकडूनच आलेली ना रे ती."

ज्यासाठी आला होता तो शब्द गेलाच, पण कोशकार हरखून खुर्चीत बसला. "म्हणजे आमचं नाव तुमच्या भाषेत आहे. अजून कोण कोण म्हणतं असं?"

"कोण म्हणणार? आता मी एकटीच उरलेय."

दुसऱ्या दिवसापासून आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ कोशकार पाळू लागला.