लाल दिवा लागला की...

आईचा पाय मोडल्यावर वार्ताहराने तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. दिवसाला तीन-तीन लेख पाडता पाडता तो ऑफिसातून फोनवर तिला बघायला जायचा, की कॅमेऱ्यावर लाल दिवा लागायचा आणि आई काठी टेकत येऊन वायर उपटायची. आज तर ती येताना धडपडलीच.

त्याने घाबरून फोन लावला. "आई, का उपटतेस गं वायर?"

"लाल दिवा लागला की चोर बघत असतो. पेपरात आलंय."

"अगं, मी बघत असतो! पेपरवाले काय, वाट्टेल ते ठोकून देतात."



"खबरदार!" आई कडाडली. "तुझ्या लेखाला नावं ठेवलेली मला खपणार नाहीत, मग ती तू स्वतः ठेवलीस तरी!"