मातेची खूण

"माता येऊन राह्यली, अन् तुमी पोरांच्या अंगात लोखंड रोवता?" रंभाबाईने विचारले आणि देवळापुढे बसलेली माणसे उठून चालू लागली.

गुणवंतरावांनी टोचणीची पेटी मिटली. नागपूरच्या कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून ते देवीची लस टोचायला या जिल्ह्यात आले होते. तेव्हा जिल्ह्याला चांदाच म्हणत. घरचे म्हणत, पोरगा शिकला आणि वाया गेला. नदीपलीकडे देवीची साथ येऊन पोचली होती, आणि या मासे धरणाऱ्या ढिवरांच्या गावात एकाही पोराला लस नव्हती.

निवडणूक तोंडावर होती. प्रचाराला आलेल्या उमेदवाराने त्यांना जीपपाशी बाजूला घेतले.

"मास्तर, तुमचं विज्ञान कुठी पळून नाई चाललं. मतं पडू द्या, मग टोचा."

"तोवर पोरं राहतील?"

"देवीसंगं भांडून कोणी निवडून आलं का कधी?"

दुसऱ्या सकाळी गुणवंतराव कपाळाला कुंकू लावून रंभाबाईच्या ओसरीवर गेले. मातेच्या देवळाची पुजारीण ती. तिचा शब्द गावात कोणी मोडत नसे.

"बाई, माता माझ्या स्वप्नात आली. म्हणाली, माझ्या लेकरांच्या दंडावर माझी खूण कर. खूण दिसेल ते घर सोडून मी पुढे जाईन."

रंभाबाईने त्यांच्या कपाळावरचे कुंकू निरखले.

"तुमच्याच सपनात काऊन? तुमी तं देवाले हात बी नाई जोडत."

"म्हणूनच आली असेल."

तिचे डोळे भरून आले. तिने आपला दंड पुढे केला.

सांजेपर्यंत सारे गाव टोचून झाले. लटारू म्हातारा तर दोन्ही हात पुढे करून बसला. "मले दोनदा करा जी, माहं पाप जास्त हाय."

गाव वाचले. उमेदवारही निवडून आला. सत्काराच्या सभेत त्याने मातेचे आणि सरकारचे आभार मानले. रंभाबाईने गुणवंतरावांच्या हातावर प्रसाद ठेवला, तो त्यांनी न खाता खिशात ठेवला. खरे तेच सांगायचे, या एका गोष्टीसाठी त्यांनी शास्त्राचा रस्ता धरला होता. आता लोक रस्त्यात त्यांच्या पाया पडत.

पुढच्या उन्हाळ्यात साथ परत आली. बर्फात ठेवलेली लस घेऊन गुणवंतराव या खेपेला आधी पलीकडच्या काठावर उतरले. पहिल्या गावात कोणी पळाले नाही, कोणी भांडले नाही. बायांनी पोरांचे दंड उघडे करून दाखवले. ताज्या खपल्या होत्या.

"झाली जी आमची."

"कोणी केली?"

"मातेनं," एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

पुढच्या गावातही तेच, त्यापुढच्याही. शेजारच्या तालुक्याचा टोचणारा फिरून गेला असणार. उन्हात बर्फ पाणी होत चालला होता. लस इथे वाया घालवण्यापेक्षा गरजेच्या जागी गेलेली बरी. त्यांनी पेटी सोबतच्या डोमा शिपायाच्या डोक्यावर दिली आणि नागभीडच्या गाडीने गोंदियाकडे रवाना केली.

वर्षभराचे ओझे हलके झाल्यासारखे वाटले. लोक आता खोट्याशिवायही दंड पुढे करत होते. रंभाबाईला खरे सांगून टाकायला हरकत नव्हती. ते डोंग्यात बसून अलीकडे आले.

रंभाबाई अंगणात जाळे विणत होती. त्यांना पाहताच उठली.

"बाई, एक सांगायचं राहून गेलं आहे. त्या स्वप्नाचं..."

"बसा जी, पाणी घ्या आधी." तिचा चेहरा उजळला होता. "आता काई फिकर करू नका. माता काठापर्यंत आली, तुमचा पत्ता नाई. पलीकडचे लोक रडत आले माह्यापाशी. मंग मीच गेली. एकबी गाव सोडलं नाई. बाभळीच्या काट्यानं केली जी, पर खूण कशी हुबेहूब तुमच्यासारखीच उमटली."