नासपतीवरची माशी

“राजवाड्यातली भांडी परदेशी लोकांना विकता तुम्ही आणि चोर म्हणून डांबलंय माझ्या भावाला. लाज कशी वाटत नाही?”

अग्निया प्रोखोरोवना साहेबाच्या टेबलासमोर उभीच होती. लेनिनग्राडच्या त्या कचेरीत असं बोललेली माणसं सहसा घरी परतत नसत.

साहेबानं चहाचा पेला बाजूला सारला. “तुमच्या सावेलीनं स्वतःच सांगितलंय, बाई. म्हणतो, इतकी वर्षं ही ताटली मीच पुसतोय. चित्रातली माशी पानावर होती, आता नासपतीवर आलीय. ताटली बदललीय. राजवाड्याच्या कोठाराची किल्ली कोणाकडे? त्याच्याकडे.”

“चोर स्वतःच बोंबलत येतो का, चोरी झाली म्हणून?”

“वेडा असेल तर येतो.”

“वेडा नाही, डोळ्यांनी अधू झालाय. रोज दुपारी मीच त्याला कोठारात जेवण नेते. दारावरच्या शिपायाला विचारा. चमचासुद्धा हातात द्यावा लागतो.”

टेबलावर ती ताटली होती. सोनेरी काठ, मधोमध पिकलेली नासपती, देठाशी एक हिरवं पान, नासपतीवर माशी. पाठीवर झारची मोहोर. तशाच मोहोरेच्या कोऱ्या ताटल्या झारच्या काळापासून चिनीमातीच्या कारखान्यात पडून होत्या. अग्निया आता त्यांच्यावर विळा-हातोडा रंगवायची. त्यावरच तिचं पोट होतं.

“ताटली अस्सल आहे,” ती म्हणाली. “माशी खरवडून बघा. भट्टीत चिनीमातीवर काळा ठिपका पडला, की तो झाकायला जुने चित्रकार वर माशी काढायचे. नक्कल करणारा मुद्दाम डागाळलेली ताटली कशाला घेईल?”

“आणि ठिपका नसला तर?”

“तर मलाही भावाशेजारी कोंडा.”

साहेबानं खिशातला चाकू काढला. पंख गेले, पाय गेले, सगळी माशी गेली. खाली मोहरीएवढा काळा ठिपका उरला. चाकू त्याच्यावरून नुसता घसरत राहिला.

साहेबाच्या जिवात जीव आला. गिऱ्हाईक वाटेवर होतं. ताटली अस्सल निघायला साहेबालाच जास्त हवी होती.

“ही माशी परत काढून द्याल ना?”

“आधी भाऊ सोडा. मग काढते.”

सावेली सुटला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. स्वयंपाकघरात येऊन तो बाकावर टेकला.

“माझेच डोळे फितूर झाले म्हणायचे, ताई. कोठडीत रोज ती ताटली आठवायचो. माशी पानावरच दिसायची. आता काय, दुसरं काम शोधायला हवं.”

“राहू दे ते. जेव आधी.”

“साहेब म्हणाला, तुझी बहीण फार धीट आहे बाबा.”

“घे. आज चांगल्या ताटलीत वाढलंय.”

ती चुलीकडे वळली. सावेलीनं चमचा उचलला. लापशी दाट, गरम, वर लोण्याचा गोळा. कोठडीनंतरचं पहिलं धड जेवण. तो घाईघाईनं खात गेला.

काठाकडचं सोनं दिसलं. मग नासपती दिसली, स्वच्छ, बिनडागी. त्यानं पानावरची लापशी चमच्यानं बाजूला केली आणि अंगठा घासला. पुन्हा घासला.

माशी पानावरून हलली नाही.

“ताई,” तो म्हणाला, “चुलीकडे नको, माझ्याकडे बघ. माझे डोळे ठीक होते ना? बोल.”