एका मुठीची जागा

सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांनी काळी नदीचा आमचा डोह पार उघडा करून टाकला होता. तळाला ना शेवाळ उरलं, ना मासा. तेव्हा त्या डोहातल्या मासळीवर पोट असलेल्या बाळीनं घराघरांतून फुटके पाटे, झिजलेली जाती गोळा केली आणि डोहात रचली. चौपन्न सालचा पाऊस सरला, तसं दगडांवर शेवाळ धरलं. मासे परतले.

एका जात्यावर मात्र शेवाळ धरेना. आणि भर दुपारी पाण्याखालून दळण्याची घरघर ऐकू येऊ लागली.

"ते जातं भाईर काढ," गावचे प्रमुख, गावकार उमाजी, काठावरून म्हणाले. "न्हाईतर आमी सगळेच दगड काढू."

"हात तर लावून बघा!" बाळी उसळली. "सुरुंग उडत हुते, तवा कुठं हुतासा? तो आवाज चालला, आनि जात्याचा सोसंना व्हय?"

"पर दळतंय कोन?"

"कोन का असंना. त्याला भिऊन सुरुंगवाले फिरकंनात. माझी मासळी तर राखतंय!"

तिनं पदर खोचला आणि ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. गरगर फिरणारा दगड तिच्या पायाला घासला. ती मागं सरली नाही.

"सरक गं," ती पाण्याकडं बघून म्हणाली. "एकटी किती दळशील? दोघी दळू."

घरघर थांबली.

बाळीनं वाकून पाण्यात हात घातला. जात्याचा खुंटा लागला, दोन बायकांनी समोरासमोर बसून धरावा असा चांगला उंच. पण त्यावर एका मुठीपुरतीच जागा मोकळी होती; बाकीचा आधीच कुणीतरी धरलेला होता.

बाळीनं तिथं मूठ आवळली.