मूळ फाईल

कानिफनं डाव्या हाताची तीन बोटं कीबोर्डवर टेकवली आणि ढोलकी सुरू झाली. पाठोपाठ बेस आला, घुंगरं आली. उजव्या हाताला अजून काही करावंच लागलं नव्हतं.

"बघ ताई. एकट्या मानसाला अख्खी पार्टी हाय ही. आन् वाजवंल ते सगळं पेन ड्राईव्हवर. स्टुडिओत जायचं कामच न्हाई."

निकिता काउंटरला टेकून उभी होती. कीबोर्ड निवडायला म्हणून भावानं तिला खर्ड्याहून नगरला बोलावून घेतलं होतं. समोर दोन मांडले होते, एक लहान, एक मोठा. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला गावी तिसगावात मंडपातल्या स्पीकरवर आईचंच हळदीचं गाणं लावायचं, मागं साथ आपण घरी वाजवून भरायची, असं कानिफच्या मनात होतं.

"आई ढोलकीवर कधी गायली?" निकिता म्हणाली.

"न्हाई गायली. आता गाईल."

दुकानदार परवेझनं कानिफच्या मोबाईलची वायर मोठ्या कीबोर्डच्या मागं जोडली. आईचा आवाज दुकानात आला.

*माळावरच्या वाटंला कुनी लाविली बाभळ,*
*माझ्या माहेराचं बाई दिसं एवढंसं आभाळ…*

भाऊबहीण एकमेकांकडे न बघता ऐकत राहिले. परवेझ टेम्पो कमी-जास्त करत होता. ढोलकी पुढं निघून जायची, नाहीतर आई.

"ही फाईल कापलेली आहे का, कानिफभाऊ? मावशींचा श्वासच कुठं ऐकू येत नाही."

"थोडी कापलीय. मधीमधी थांबायची ती. लोकं असलं ऐकत न्हाईत."

"थांबायची नाही, दम लागायचा तिला," निकिता म्हणाली. "तिचा दमच कापून टाकलास?"

"ताई, तुला सुरातलं कळतं म्हनून आनलं. भांडायला न्हाई आनलं."

"कापलेल्यावर ठेका बसणार नाही," परवेझ मधे पडला. "मूळ फाईल असेल तर लावा. पट्टी धरू, मग कोणता घ्यायचा ते लगेच कळेल."

"हाय. पन लई गडबड हाय तिच्यात."

"लाव," निकिता म्हणाली.

कानिफ बराच वेळ मोबाईलवर अंगठा फिरवत राहिला. मग त्यानं ती लावली.

आधी कानिफच्या नागापूरच्या खोलीतला पंखा कुरकुरला. आजारपणात आई तिथंच असायची. बांगड्या वाजल्या. आई खाकरली आणि गायला लागली. सावकाश, ओळीच्या शेवटी श्वास घेत, अंगणात मांडवाखाली गायची तशी. परवेझनं एक सूर दाबून धरला. "काळी चार," तो म्हणाला. सूर आणि आवाज एकमेकांत बसले. निकितानं काउंटरवरची मूठ सोडली.

तिसऱ्या कडव्यात आई थांबली. कोरडा खोकला आला.

"पानी दे रं, बाळा."

"एवढं कडवं हू दे आई. मंग देतो." हा कानिफचा आवाज होता.

आईनं कडवं सुरू केलं.

"इथं सूर उतरला. पांढरी पाच झाली," परवेझ बोलून गेला. मग आपण काय ऐकलं ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कीबोर्डवरून हात काढून घेतला.

निकिता भावाकडे वळली. "हे कापलं होतंस तू."

"डायलिसिसचं मानूस हुतं ते. पानी मोजून द्या म्हनले हुते डॉक्टर. ह्या हातानं मोजून द्यायचो मी, गोळीसंगचं बी त्यातच धरून. रडायची. शिव्या घालायची मला. आन् तू रविवारी शहाळं घेऊन यायची. तिला चालत न्हाई म्हनून तुझ्यामागं मी ते मोरीत वतायचो. म्हंजी मी वाईट, आन् तू गुनाची."

"मोजून द्यायचास ना? मग कडव्याच्या बदल्यात द्या, हे कोणत्या डॉक्टरनं सांगितलं होतं?"

 आई गातच होती.

"हे गाणं मंडपात लागणार नाही," निकिता म्हणाली. "ढोलकी लावून नाही आणि ढोलकीवाचून पण नाही."

"आन् मंग काय लावू? तिच्या आवाजाचं दुसरं काय हाय आपल्याकडं? तुझ्याकडं हाय का एक तरी? तुझ्या शाळेतल्या पोरांची गानी भरून ठिवलीस मोबाईलमधी. आईचं हाय?"

 निकिता आता त्याच्याकडे बघतही नव्हती. ती ऐकत होती. शेवटचं कडवं आलं. आईचा आवाज खरखरीत झाला होता, शब्द अर्धेच उमटत होते. तरी तिनं शेवटचा सूर लांबवायचा तेवढा लांबवला. मग नुसता पंखा. निकिता पाण्याच्या भांड्याच्या आवाजाची वाट बघत होती.

"झालं," आई म्हणाली. "आता दे."

फाईल तिथंच संपली.

"दिलं हुतं," कानिफ म्हणाला. "ताई, त्याच्या म्होरं दिलं हुतं मी. बंद केल्यावर दिलं."

मोबाईलवर रिपीट चालू राहिलं होतं. कुणी काही दाबायच्या आत आईनं पुन्हा पहिलं कडवं धरलं.