सातवी बाई

शाळेच्या स्पर्धेसाठी इतिहासातल्या सात जगावेगळ्या बायकांवरून सात पदार्थ करायचे होते आणि लेकीला काहीही करून पहिला नंबर हवाच होता. म्हणून ती ओट्यावर बसून ऐटीत गोष्टी सांगत होती आणि आई घामाघूम होऊन रांधत होती.

"ही पुरुषाचे कपडे घालून जहाजावर गेली, तिचं खारट सूप! हिनं चक्क राजाला नकार कळवला, तिचा झणझणीत सॉस! आणि ही घरी न सांगता विमान उडवून आली, तिचा हलकाफुलका केक! आई, हात चालव ना गं, सातवी अजून राहिलीय!"

आईने गॅस बंद केला, ॲप्रन काढला आणि पायात चपला सरकवल्या.

"सातवीच्या पाटीवर माझं नाव लिही. पदार्थ बाबा करणारेत. त्यांना अजून माहीत नाहीये, तेवढं सांग."